पहिलं हाय-पॉवर रॉकेट दोघांनी उडवताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

अमेरिकेत हाय-पॉवर, म्हणजे मोठ्या ताकदीची, रॉकेटं उडवण्याचा छंद नव्याने धरलेली मराठी जोडपी आम्हाला बहुतेक एकच प्रश्न विचारतात: मोटर (रॉकेटला वर ढकलणारं, इंधन भरलेलं नळकांडं) कुठली घेऊ? प्रश्न चांगला आहे, पण रॉकेट फसतं ते सहसा मोटरमुळे नाही. कॅलिफोर्नियातल्या लुसर्नच्या कोरड्या तळ्यावर मी आणि माझा नवरा उडवायला जातो. तिथे फसलेली उड्डाणं मी जवळून पाहिली आहेत, आमचीही त्यात आहेत. त्यातली बरीचशी सरळ वर गेली आणि खाली येताना बिघडली. कारण प्रत्येक वेळी एखादी पायरी आधीची नंतर झालेली, किंवा करायची राहून गेलेली. म्हणून या लेखात क्रमावर भर आहे.

दोघं असण्याचा फायदा इथेच होतो. एकाने यादी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने काम करायचं. करणाऱ्याने यादी हातात घ्यायची नाही आणि वाचणाऱ्याने कामात हात घालायचा नाही. एवढं पाळलं तरी निम्म्या चुका टळतात.

## सुरुवातीलाच: मोटर घरी बनवू नका

घरी मोटर बनवण्याचा विषय या जोडप्यांच्या बोलण्यात लगेच येतो. माझं उत्तर ठाम आहे: आत्ता नाही. अमेरिकेत या छंदाच्या दोन मोठ्या संस्था आहेत, नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रायपोली. पहिलीच्या मैदानावर स्वतः बनवलेली मोटर चालतच नाही. ट्रायपोलीत चालते, पण लेव्हल २, म्हणजे दुसऱ्या पायरीचं प्रमाणपत्र, मिळवलेल्या सभासदालाच, आणि संशोधनासाठी म्हणून ठेवलेल्या उड्डाणांतच. तिथवर पोचताना अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहून शिकता येतं, आणि शिकायचा रस्ता तोच आहे. इंधनाचं मिश्रण मी या लेखात देणार नाही.

भारतात राहणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. तिथे हा मामला १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम यांच्या कक्षेत येतो. परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. गच्चीवर किंवा शेतात मोटर भरून बघणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि हाताची बोटं जाऊ शकतात ती वेगळीच.

पुढचं सगळं कारखान्यात बनलेल्या, प्रमाणित मोटरबद्दल आहे.

## १. कागदपत्रं, आणि कोण काय करणार

लेव्हल १, म्हणजे पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रासाठी, वय १८ पूर्ण हवं, संस्थेचं सभासदत्व हवं, आणि एच किंवा आय वर्गाच्या (हे ताकदीचे वर्ग, पुढे सांगते) एका मोटरवर रॉकेट उडवून ते पुन्हा उडवण्याजोग्या अवस्थेत परत आणून दाखवावं लागतं. लेखी परीक्षा लेव्हल २ ला असते, इथे नाही.

जोडपी इथेच पहिली चूक करतात. दोघं मिळून एकच रॉकेट बांधतात आणि दोघांचं प्रमाणपत्र त्यावरच होईल असं धरून चालतात. तसं होत नाही. ज्याचं प्रमाणपत्र, त्याने ते रॉकेट स्वतः बांधलेलं असावं लागतं. म्हणजे रॉकेटं दोन, उड्डाणं दोन. माझ्या रॉकेटचे फिन (शेपटाकडचे पंख) मी चिकटवले तेव्हा नवऱ्याने फक्त घड्याळ लावून इपॉक्सी गोंद सुकायची वेळ पाहिली.

तपासा: मैदानाच्या उड्डाणदिवसाला हवाई खात्याची परवानगी कुठल्या उंचीपर्यंत आहे, हे आयोजकांना आधीच विचारा. १२५ ग्रॅमपेक्षा जास्त इंधन किंवा १५०० ग्रॅमपेक्षा जास्त वजन झालं की ती परवानगी असल्याशिवाय उडवताच येत नाही.

## २. मोटरचं नाव वाचायला शिका

एक नमुना घेऊ: एच१२८डब्ल्यू-१४. पहिलं अक्षर एकूण जोर सांगतं. एच म्हणजे १६० ते ३२० न्यूटन-सेकंद, आय म्हणजे ३२० ते ६४०. प्रत्येक पुढच्या अक्षराला मर्यादा दुप्पट होते. १२८ हा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. डब्ल्यू हे इंधनाच्या जातीचं चिन्ह. शेवटचे १४ म्हणजे इंधन संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकणारा बार उडेपर्यंतचे सेकंद. हा शेवटचा आकडा नवखे लोक वाचतही नाहीत, आणि रॉकेट मोडतं ते त्याच्याचमुळे.

रेट्याचा साधा हिशेब असा. समजा, मोटरसकट तुमचं रॉकेट १.४ किलोचं आहे. त्याचं वजन साधारण १३.७ न्यूटन. सरासरी रेटा वजनाच्या निदान पाचपट हवा, म्हणजे ६९ न्यूटन. १२८ न्यूटनची मोटर नऊपट देते, तेव्हा चिंता नाही. पण तेच रॉकेट रंग, जादा इपॉक्सी आणि कॅमेरा लावून अडीच किलोचं झालं तर मोटर जेमतेम पाचपटीवर येते. म्हणून वजन अंदाजाने धरू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर करा.

सावध: या मोटरी विमानाने नेता येत नाहीत, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनमध्ये. लांबच्या मैदानावर जात असाल तर तिथे येणाऱ्या विक्रेत्याकडे आधी मागणी नोंदवा.

## ३. बांधण्याआधी संगणकावर उडवा

ओपनरॉकेट हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात तुमच्या रॉकेटची खरी मापं आणि खरं वजन भरा. किटवर छापलेलं वजन भरू नका, त्यात तुमचं इपॉक्सी धरलेलं नसतं. त्यातून तीन आकडे काढून वहीत लिहा.

पहिला, स्थिरता. गुरुत्वमध्य हा हवेच्या दाबाच्या मध्याच्या पुढे, म्हणजे टोकाच्या बाजूला, निदान रॉकेटच्या नळीच्या एका व्यासाइतका हवा. चार इंची नळीला म्हणजे १० सेंटिमीटर. दोन व्यासांच्या फार वर गेलात तर रॉकेट वाऱ्याच्या दिशेने तोंड वळवतं आणि तिरकं जातं.

दुसरा, रूळ (रॉकेट ज्यावरून सरकत वर सुटतं ती उभी पट्टी) सोडताना वेग. सेकंदाला १५ मीटरच्या आसपास हवा. त्याखाली फिनना हवा पकडता येत नाही.

तिसरा, सर्वात उंच बिंदूला पोचायला इंधन संपल्यापासून लागणारे सेकंद. वरच्या नमुन्याचं रॉकेट साडेतीनशे-चारशे मीटरवर जातं आणि तिथे पोचायला सात सेकंदांच्या आसपास लागतात. मोटर मात्र १४ सेकंदांची येते. आहे तशी उडवली तर रॉकेट शिखरावरून उलटून सात सेकंद खाली झेपावत असताना पॅराशूट उघडेल. त्या झटक्याने दोरी नळीला चिरत जाते, झिपर उघडावी तशी.

## ४. बांधणी: चिकटवायच्या आधी काय बांधायचं

बांधणीबद्दल सगळं सांगत बसत नाही, किटची पुस्तिका चांगली असते. दोन जागी मात्र क्रम चुकतोच.

एक, शॉक कॉर्ड. नळी आणि नोजकोन (रॉकेटचं टोक) यांना जोडून ठेवणारी ही दोरी मोटरच्या नळीच्या पुढच्या रिंगला (मोटरची नळी बाहेरच्या नळीत मधोमध धरणारी चकती) बांधतात. रिंग आत बसवून चिकटवली की तिथे हात पोचत नाही. तेव्हा आधी दोरी बांधा, गाठीवर इपॉक्सी लावा, सुकू द्या, जोराने ओढून पाहा, मगच रिंग आत सरकवा. दोरी रॉकेटच्या लांबीच्या तीन ते पाचपट हवी. दीड मीटरच्या रॉकेटला मी सहा मीटर घेते. आखूड दोरीत दोन तुकडे एकमेकांवर आदळतात.

दोन, मागची रिंग. फिन नळीच्या खाचांतून आत जाऊन मोटरच्या नळीला टेकतात. तिथे आतून इपॉक्सीची गोल कड भरायची असते, आणि ती मागची रिंग लावायच्या आधीच भरता येते. उत्साहात रिंग आधी चिकटवली तर फिन फक्त बाहेरच्या कडेवर धरून राहतात.

इपॉक्सी लावण्याआधी प्रत्येक जागा पॉलिश पेपरने खरखरीत करा आणि स्पिरिटने पुसा. गुळगुळीत पृष्ठभागावरून सुकलेलं इपॉक्सी पापुद्र्यासारखं निघून येतं. रंग सगळ्यात शेवटी.

नळीत, नोजकोनच्या खांद्याच्या खाली, ३ मिलिमीटरचं एक भोक पाडायला विसरू नका. वर जाताना बाहेरचा दाब कमी होतो, आतली अडकलेली हवा नोजकोन ढकलते आणि पॅराशूट अवेळी बाहेर येतं.

तपासा: मोटर (किंवा तेवढ्याच वजनाचं काहीतरी), पॅराशूट, दोरी सगळं आत घालून रॉकेट एका सुतळीच्या फासावर आडवं तोला. ते जिथे समतोल राहतं तिथे पेन्सिलीने खूण करा. ती खूण आणि संगणकातला गुरुत्वमध्य जुळतात का? जुळत नसतील तर संगणकातला आकडा सुधारा आणि तिसऱ्या पायरीवर परत जा.

## ५. पॅराशूट

इंधन जळून गेल्यावर आपलं रॉकेट सुमारे १.३ किलोचं उरतं. ३६ इंची पॅराशूटला ते सेकंदाला सहा मीटरच्या थोडं वर वेगाने उतरतं. गवतावर हे चालतं. तळ्याचा तळ वाळून सिमेंटसारखा झालेला असतो, तिथे मी ४५ इंची वापरते, म्हणजे वेग पाचच्या आसपास येतो. पण मोठं पॅराशूट म्हणजे जास्त वाहून जाणं. पावणेचारशे मीटरवरून पाचच्या वेगाने उतरायला ७५ सेकंद लागतात. वारा सेकंदाला पाच मीटर असेल तर रॉकेट पावणेचारशे मीटर लांब जाऊन पडतं. हा हिशेब सकाळी वारा बघून पुन्हा करा.

आता घडी, ही मी सावकाश सांगते. पॅराशूट जमिनीवर पसरा, वर-खाली झटकून दोऱ्यांतले पीळ काढा. मग त्याच्या पाकळ्या एकावर एक घ्या, साडीच्या निऱ्या घालतो तशा. सगळ्या निऱ्या एका बाजूला पडल्या की मध्यातून एकदा दुमडा, वरून खाली दुमडा. वर थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा, थंडीत नायलॉन चिकटतं. दोऱ्या कापडाभोवती गच्च गुंडाळू नका. दोन सैल वेढे पुरेत. शेवटी घडी आगरोधक नोमेक्सच्या कापडात बांधा, आणि त्या कापडाची बंद बाजू मोटरकडे ठेवा. बारातून येणारा गरम वायू तिथूनच येतो.

नवऱ्याच्या पहिल्या प्रयत्नाला मी यादी वाचत होते. "कापड ठेवलंस?" असं मी विचारलं. तो "हो" म्हणाला, आणि मी पुढची ओळ वाचली. कापड खरंच ठेवलं होतं, पण उलटं. उघडी बाजू मोटरकडे होती. वर पॅराशूट बाहेर आलं ते नायलॉनचा वितळलेला गोळा होऊन. रॉकेट तळ्यावर आपटलं, दोन फिन तुटले आणि त्या दिवशीचं प्रमाणपत्र गेलं. मोडलेल्या रॉकेटपाशी तो बराच वेळ उकिडवा बसून होता. त्या दिवसापासून आमच्याकडे "हो" हे उत्तर चालत नाही. करणाऱ्याने वस्तू दाखवायची आणि वाचणाऱ्याने बोट लावून पाहायची, मगच खूण करायची.

तपासा: भरलेलं रॉकेट नोजकोनला धरून उचला. नळी खाली सरकता कामा नये. मग हलका झटका द्या, आता ती सरकायला हवी. सैल असेल तर खांद्यावर मास्किंग टेपची एक पट्टी वाढवा, घट्ट असेल तर काढा. मैदानावर थंडी-ऊन बदललं की हे पुन्हा करा.

## ६. घरी रंगीत तालीम

उड्डाणाच्या आठवडाभर आधी, इंधनाशिवाय, सगळा क्रम एकदा घरच्या टेबलावर करून पाहा. रिकामी केसिंग (मोटरचं धातूचं कवच) रॉकेटमध्ये जाते का, मोटर जागेवर धरणारा रिटेनर फिरवून बसतो का, रुळात सरकणाऱ्या बटणांची ओळ सरळ आहे का. याच वेळी यादी दुरुस्त होते. जी वस्तू टेबलावरून उठून शोधायला लागली, ती मैदानावरच्या पेटीत टाका: ग्रीस, मास्किंग टेप, बारीक सॅंडपेपर, ओले पुसणे, डोळ्यांचे गॉगल, पाणी.

## ७. मैदानावर मोटर जुळवणं

ही पायरी घाईत करायची नाही. गप्पा मारायला आलेल्यांना नम्रपणे "थोड्या वेळाने" सांगा. आसपास कोणी सिगारेट ओढत नाही ना, बघा. गॉगल लावा.

१. पुस्तिका उघडून पाकिटातली प्रत्येक वस्तू तिच्या चित्राशेजारी मांडा. एक जरी ओ-रिंग (वायू अडवणारी रबरी कडी) कमी असली तरी थांबा. दुसऱ्या मोटरची "तशीच दिसणारी" रिंग घालू नका.

२. विलंबाचा भाग आधी. इंधन संपल्यावर हा जळत राहतो आणि तो संपला की बार उडतो; त्यात छिद्र पाडून सेकंद कमी करतात. आपल्या हिशेबात १४ मधून सात कमी करायचे होते. छिद्र पाडायचं हत्यार दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने चालतं, म्हणजे उरणार आठ किंवा सहा. दोन्ही शिखरापासून सेकंदभराच्या आत आहेत, दोन्ही चालतील. हत्यार सरळ धरून हाताने फिरवा, विजेचं ड्रिल कधीही नाही. छिद्र कुठल्या बाजूने पाडायचं हे उत्पादकाप्रमाणे बदलतं, त्यामुळे पुस्तिकेतलं चित्र वाचणाऱ्याने समोर धरावं. पडलेला भुगा पुसून पाण्यात टाका.

३. ओ-रिंगांना ग्रीसचा पातळ हात द्या, बोटावर चमक दिसेल एवढाच. विलंबाच्या जळणाऱ्या तोंडाला ग्रीस लागता कामा नये. त्या भागाची छोटी ओ-रिंग लोक सर्वांत जास्त विसरतात. ती नसली तर गरम वायू बाजूने शिरतो आणि रॉकेट वेगात असतानाच बार उडतो.

४. लायनरमध्ये (आतल्या नळीत) इंधनाचे तुकडे, मग नोझल (वायू बाहेर पडायचं तोंड), मग केसिंग. दोन्ही टोकांची झाकणं हाताने फिरवून बसवा. पाना लावून आवळायचं नाही. चुडी (झाकणाचे आटे) अडखळली तर काढून पुसा आणि पुन्हा लावा.

५. पॅराशूट फेकणाऱ्या बाराची पूड पाकिटात येते तेवढीच, पुस्तिका सांगेल तशी. स्वतःच्या मनाने वाढवू नका.

६. मोटर रॉकेटमध्ये घाला आणि रिटेनर लावा.

सावध: इग्नायटर (मोटर पेटवणारी तार) आत्ता घालायचा नाही. तो वेगळा, तारांची टोकं एकमेकांना पिळून, खिशात नाही तर पेटीत ठेवा.

## ८. सुरक्षा अधिकाऱ्यासमोर आणि रुळावर

सुरक्षा अधिकारी रॉकेट हातात घेऊन फिन हलवून पाहतील, वजन, मोटर, गुरुत्वमध्य विचारतील. वहीतले आकडे पुढे ठेवा. त्यांनी "आज नको" म्हटलं तर हुज्जत घालू नका.

रुळापाशी क्रम असा: रूळ आडवा करा, रॉकेट सरकवा, अडकत नाही ना पाहा, रूळ उभा करून कुलूप लावा. उभ्यापासून २० अंशांपेक्षा जास्त कलायचं नाही. आता इग्नायटर. तो नोझलमधून सरळ वर, पुढच्या टोकाला टेकेपर्यंत ढकला. अर्ध्यात राहिला तर मोटर फुसफुसते आणि पेटत नाही. तारेवर नखाने खूण करून तो खाली घसरला नाही ना, पाहा. नोझलवर टोपी लावा. बटणाकडून येणाऱ्या तारांच्या क्लिपा सॅंडपेपरने घासा, एकमेकींना टेकवून ठिणगी येत नाही याची खात्री करा, मगच इग्नायटरच्या तारांना लावा. क्लिपा रुळाखालच्या धातूच्या तबकडीला किंवा एकमेकींना लागू देऊ नका.

एच आणि आय मोटरसाठी निदान १०० फूट लांब राहायचं. वारा ताशी २० मैलांच्या वर असेल तर उडवायचंच नाही.

बटण दाबून काही झालं नाही तर सुरक्षेची किल्ली काढा आणि पूर्ण ६० सेकंद जागेवर थांबा. वाचणाऱ्याने घड्याळ बघून सेकंद मोजावेत, कारण उडवणाऱ्याला तो मिनिट फार लांब वाटतो आणि पाय आपोआप रुळाकडे वळतात.

## ९. उड्डाण आणि शोध

दोघांनी दोन ठिकाणी, पन्नासेक पावलं अंतर ठेवून उभं राहा. रॉकेट क्षितिजाखाली गेलं की प्रत्येकाने त्याच्या दिशेला दूरची एक खूण पकडावी, एखादा डोंगराचा सुळका किंवा खांब. दोन दिशा जिथे मिळतात तिथे रॉकेट असतं. आमचं एक रॉकेट झुडपांत असंच दहा मिनिटांत सापडलं.

आयोजकांनी परवानगी दिल्यावरच आणायला जा. विजेच्या तारांवर अडकलं असेल तर सोडून द्या. नोजकोन बाहेर आलेलाच नसेल तर बार अजून जिवंत आहे असं समजा. तोंड कोणाकडे करू नका, हात लावायच्या आधी सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा. नीट उतरलं असेल तर उचलण्याआधी पडल्या जागी फोटो काढा आणि रॉकेट तसंच, काहीही न सोडवता, प्रमाणपत्र देणाऱ्यांकडे न्या.

केसिंग गरम असते, पंधरा मिनिटं थांबा. पण त्याच संध्याकाळी ती उघडून धुवा. काजळी दुसऱ्या दिवशी घट्ट होते आणि झाकण फिरत नाही. कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून भिजवा, जुन्या टूथब्रशने चुड्या घासा, कोरडी करा. केसिंग वाळत असताना वहीत लिहा: वारा, वजन, किती सेकंद विलंब ठेवला, आणि पॅराशूट शिखराच्या आधी उघडलं की नंतर.